तपकिरी तार

आमच्या घरात सकाळचा पहिला आवाज हॉर्नचा असायचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, दुकानात आलेले बिघडलेले हॉर्न पिशवीत भरून घरी आणत, जेवणाआधी उघडून घासूनपुसून ठेवत आणि सकाळी अंघोळ झाली की उघड्या अंगानं, कमरेला ओला पंचा गुंडाळून, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या जुन्या बॅटरीला एकेक लावून वाजवत. आई देवापुढे घंटी हलवतेय, गॅसवर सांबाराची डाळ शिट्ट्या मारतेय आणि मध्येच भसाड्या आवाजात एखादी लॉरी ओरडतेय, असा आमचा भूपाळीचा थाट. शेजारचे निवृत्त मास्तर एकदा दचकून दाढी करताना गाल कापून बसले आणि तसेच साबण लावलेल्या तोंडानं तक्रार घेऊन आले. अण्णांनी त्यांना कॉफी पाजली आणि सांगितलं, ‘‘मास्तर, देव आणि हॉर्न, दोघांनाही सकाळी एकदा हाक मारून ठेवावी. दिवसभर ओ देतात.’’ देवाचा अनुभव मला फारसा नाही, पण अण्णांचे हॉर्न ओ देत.

आम्ही बसवनगुडीतले जुने मराठी. कुठल्याशा फौजेबरोबर घोडे हाकत पूर्वज इकडे कन्नड मुलखात आले आणि त्यांचं परतायचं राहून गेलं, एवढाच आमचा इतिहास. त्यांचा पराक्रम घरातल्या कुणालाच नीटसा सांगता येत नसे. मला वाटतं ते घोड्यांना दाणा घालत असावेत. आमचं मराठी ऐकून पुण्याची मावशी पदर तोंडाला लावून हसायची, कारण आम्ही ‘थोडं’ म्हणायच्या जागी ‘स्वल्प’ म्हणायचो आणि ‘बरं’ म्हणायच्या जागी ‘सरी’. जेवणात पिठल्याबरोबर भाकरीऐवजी रागी मुद्दे असायचे, म्हणजे नाचणीच्या पिठाचे वाफाळते गोळे. मावशीनं पहिल्यांदा ताटात तो काळसर गोळा पाहिला तेव्हा विचारलं, ‘‘हे खायचं, की याच्यानं खेळायचं?’’ आजही कुठल्या महागड्या हॉटेलात ‘मिलेट बॉल’ अशा नावानं तोच गोळा समोर आला की मला मावशीचा चेहरा आठवतो आणि तिला फोन करावासा वाटतो, पण ती आता नाही.

अण्णांचं दुकान घरापासून स्कूटरनं दहा मिनिटांवर, एका उताराच्या गल्लीत होतं. गाड्यांचं वायरिंग, डायनामो, स्टार्टर, हॉर्न, दिवे. मी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि सुट्टीत दुपारचा डबा घेऊन दुकानात जायचे, ते संध्याकाळपर्यंत तिथंच बसायचे. घरी बसलं की आई स्वयंपाक शिकवी. दुकानात निदान कुणी काही शिकवत नसे. अण्णांचा नियम होता की मुलीनं ग्रीसमध्ये हात घालायचा नाही. पाना दे, पक्कड दे, टेस्टर धर, एवढंच. पण डोळ्यांना कुणी नियम घातला नव्हता, त्यामुळे बघून बघून मला बरंच कळू लागलं होतं. रिले म्हणजे काय हे मी एकदा घरी जेवताना विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलेलं आजपर्यंत कुठल्याही पुस्तकात याहून सोपं सापडलं नाही. ‘‘स्विच म्हणजे सासू, रिले म्हणजे सून,’’ अण्णा म्हणाले. ‘‘सासू नुसतं बोट हलवते, ओझं सून उचलते. स्विचमधून बारीकसा करंट येतो, रिलेला इशारा करतो, आणि मोठा करंट दुसऱ्या जाड तारेतून कामाला जातो. सुनेशिवाय सासूला ओझं उचलायला लावलं, की सासू जळते.’’ आई वाढत होती, ती म्हणाली, ‘‘आमच्या घरात उलटं होतं.’’

अण्णांची एक खासियत साऱ्या गल्लीला माहीत होती. बाकीचे मेकॅनिक तारा रंगावरून ओळखत. अण्णा प्रत्येक तारेला पांढऱ्या दोऱ्याच्या गाठी बांधत. हॉर्नला एक गाठ, हेडलाइटला दोन, स्टार्टरला तीन. ‘‘रंग उन्हात उडतो, गाठ राहते,’’ असं ते गिऱ्हाइकाला ऐकवत आणि गिऱ्हाईक माना डोलवत. मलाही ते फार मोठं शहाणपण वाटायचं. मी कॉलेजात मैत्रिणींना ते वाक्य स्वतःचं म्हणून ऐकवलंही होतं.

त्या सुट्टीत रेवण्णांचा ट्रॅक्टर आला. रेवण्णा शहराबाहेरच्या होसकोटे गावापलीकडचे. भारदस्त मिशा, त्याहून भारदस्त पोट, आणि बोलणं असं की समोरचा बहिरा आहे हे गृहीत धरलेलं. एचएसआर लेआउट या नव्या वसाहतीत तेव्हा घरं उठत होती आणि पाणी नव्हतं, म्हणून रेवण्णांनी नांगर सोडून ट्रॅक्टरला पाण्याची टाकी जोडली होती. ट्रॅक्टर त्यांचा फार लाडका. त्याला त्यांनी समोर चार जादा दिवे लावले होते, वर बसचा हॉर्न बसवला होता आणि या सगळ्याचा भार बिचाऱ्या मूळ स्विचांवर टाकला होता. दर महिन्याला काहीतरी वितळायचं. शेवटी कुणीतरी त्यांना सांगितलं, की एक रिलेचा डबा मिळतो, सगळे रिले एकाच पेटीत, तो बसवला की कटकट संपली. रेवण्णांनी तो डबा विकत आणला आणि अण्णांच्या टेबलावर आपटला. गिऱ्हाइकं अण्णांना राव म्हणत. ‘‘राव, हे बसवून द्या. उद्या सकाळी पाणी पोचवायचंय.’’

डबा काळा, साबणाच्या पेटीएवढा. एका बाजूनं चौदा तारांचा झुबका बाहेर आलेला, सगळ्या सारख्याच जाडीच्या. सोबत एक कागद, त्यावर बारीक इंग्रजीत कुठल्या रंगाची तार कशाची हे लिहिलेलं. अण्णांनी तो कागद हातात घेतला, उजेडाकडे धरला, मग माझ्याकडे दिला. ‘‘वैजू, वाच.’’ मी वाचलं. पिवळी हेडलाइटला, निळी जादा दिव्यांना, तपकिरी स्टार्टरच्या किल्लीकडून, हिरवी हॉर्नच्या बटणाकडून. अण्णा ट्रॅक्टरच्या पोटाखाली अर्धे शिरलेले, झुबका हातात. ‘‘तपकिरी कुठली, वरची की खालची?’’ त्यांनी विचारलं. मी सांगितलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा, ‘‘हिरवी कुठली म्हणालीस?’’ मे महिन्याची दुपार, पत्र्याखाली भट्टी पेटलेली, आणि मी वाचत असलेली कादंबरी ऐन रंगात आलेली. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘अण्णा, रंग बघा ना! आंधळे आहात का?’’

ट्रॅक्टरखाली पक्कड चालत राहिली. मी कॉफी आणते म्हणून फ्लास्क उचलला आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलकडे निघून गेले. वाक्य तसं साधंच होतं; त्या वयात मी असली दिवसाला दहा बोलायचे. पण या एका वाक्यासाठी मी पुढे कितीतरी वेळा जीभ चावली आहे.

कॉफी घेऊन उतारावर आले तेव्हा तमाशाला नुकतीच सुरुवात झाली होती. अण्णा मागे टाकीच्या दिव्याचा सॉकेट तपासत होते. रेवण्णांना दम निघेना. ते स्वतःच ट्रॅक्टरवर चढले आणि त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन सुरू व्हायच्या ऐवजी बसचा हॉर्न वाजला. रेवण्णांना वाटलं आपलंच काही चुकलं. पुन्हा फिरवली, पुन्हा हॉर्न. मग त्यांनी विचार केला, हा माझा आजवरचा तर्क हं, की किल्लीनं हॉर्न वाजतोय तर हॉर्नच्या बटणाचं काय झालंय ते बघावं. त्यांनी बटण दाबलं. उतार असल्यामुळे आणि हँडब्रेक कधीच देवाघरी गेलेला असल्यामुळे ट्रॅक्टर गिअरमध्ये उभा होता. बटणानं हॉर्नऐवजी स्टार्टर फिरला आणि ट्रॅक्टर, इंजिन बंद असताना, बेडकासारखा दोन फूट पुढे उडाला.

पुढे मुनियम्माची इस्त्रीची गाडी होती. मुनियम्मा म्हणजे गल्लीतली सर्वांत तोंडाळ बाई, साठीची, हातात कोळशाची इस्त्री, आणि गाडीवर साऱ्या मोहल्ल्याच्या कपड्यांच्या चळती. ती ट्रॅक्टरकडे पाठ करून कुणाचा तरी शर्ट ओढत होती. रेवण्णांना तिला सावध करायचं होतं. सावध कसं करतात? हॉर्न देऊन. त्यांनी बटण दाबलं. ट्रॅक्टर आणखी दोन फूट उडाला. ते घाबरले, म्हणून जोरात दाबलं. आणखी तीन फूट. ‘‘अय्यो! बाजूला सर गं!’’ असं ओरडत ते बटणावर बुक्क्या मारत होते आणि दर बुक्कीला ट्रॅक्टर मुनियम्माच्या अधिकाधिक जवळ जात होता. ‘‘रेवण्णा, बटण सोडा! हात काढा!’’ अण्णा मागून धावत ओरडत होते, पण रेवण्णांना आयुष्यात कधी हॉर्नवरून हात काढायची सवय नव्हती. ट्रॅक्टरचं नाक गाडीला टेकलं, मुनियम्मा इस्त्री उंच धरून किंचाळत बाजूला झाली, गाडी घरंगळली आणि कडेच्या गटाराला अडून कलंडली. पुरोहितांचे रेशमी पंचे, शाळेचे गणवेश, एका वकिलांचे सात पांढरे शर्ट, सगळे एकामागून एक गटारात उतरले. अण्णांनी तोवर बॅटरीची तार उपटून काढली होती.

कुणाला खरचटलंही नाही. हे आज सहज लिहिते आहे, पण पुढच्या चाकात आणि मुनियम्माच्या पायांत वीतभर अंतर राहिलं होतं. ते मी पाहिलं होतं.

मग माणसं जमली. मुनियम्मानं सगळ्यांच्या सात पिढ्यांचा कन्नडमध्ये उद्धार केला. रेवण्णा खाली उतरले, त्यांच्या मिशांना घाम फुटला होता. ‘‘राव, वीस वर्षं तुमच्याकडे येतोय,’’ ते म्हणाले. ‘‘हे कुणी जोडलं?’’

अण्णांनी एकदा तारांकडे पाहिलं. एकदा माझ्याकडे. ‘‘मुलीनं,’’ ते म्हणाले. ‘‘हात लावू नकोस म्हणालो होतो. ऐकलं नाही.’’

माझ्या एका हातात फ्लास्क होता आणि दुसऱ्या हातात चार ग्लास. हात इतके स्वच्छ होते की त्यांच्यावर मुद्दे वळता आले असते. पण कुणी हातांकडे पाहिलं नाही. सगळ्यांना लगेच पटलं. ‘‘हां, तरीच,’’ अशी एक लहर गर्दीतून गेली. कॉलेजात जाणाऱ्या पोरींना दुकानात बसवलं की काय होतं यावर मतं निघाली. रेवण्णांचा रागसुद्धा उतरला. रावांचा हात चुकला नाही, पोरीचा चुकला, यानं त्यांना बरं वाटलं. ‘‘उद्या दुपारपर्यंत तुम्ही स्वतः करून द्या,’’ ते अण्णांना म्हणाले, ‘‘नाहीतर होसकोटेला घेऊन जातो.’’ मी ग्लास दुकानाच्या फळीवर ठेवले आणि चालत घरी गेले.

आई गॅसपाशी पिठलं ढवळत होती. मी एका दमात सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, ‘‘त्या माणसाच्या दुकानात मी पुन्हा पाय ठेवणार नाही.’’ आई रागवेल असं वाटलं होतं. ती गॅस बंद करून माझ्यासमोर बसली.

‘‘तपकिरी आणि हिरवी, म्हणालीस?’’

‘‘हो.’’

‘‘त्यांना ती एकच दिसतात, वैजू. लाल, हिरवं, तपकिरी, सगळं एकाच चिखलाचं.’’

मी हसले. मला ते खोटंच वाटलं. मग आईनं सांगितलं, की लग्नानंतर महिन्याभरात तिच्या लक्षात आलं होतं. तिनं गर्द हिरवी साडी नेसली आणि अण्णा कौतुकानं म्हणाले, मातीचा रंग तुला छान दिसतो. तिला वाटलं हा माणूस चेष्टा करतोय. चेष्टा नव्हती. लग्नाआधी त्यांना एका सरकारी कारखान्यात नोकरी लागत होती, लेखी परीक्षेत पहिले आले होते. शेवटी डॉक्टरनं रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक समोर धरलं आणि ठिपक्यांमध्ये कुठला आकडा दिसतो ते विचारलं. अण्णांना एकाही पानावर आकडा दिसला नाही. घरी येऊन त्यांनी सांगितलं की नोकरी मलाच नको होती. मग दुकान काढलं आणि दोऱ्याच्या गाठी बांधायला सुरुवात केली. ‘‘मला शपथ घातली होती, कुणाला सांगायचं नाही,’’ आई म्हणाली. ‘‘रोज त्यांचे कपडे मी काढून ठेवते ते काय हौस म्हणून? एकदा स्वतः काढले तर लाल लुंगी आणि हिरवा शर्ट घालून बारशाला निघाले होते.’’

मला हसू आलं आणि त्याच क्षणी मघाचं ते वाक्य आठवलं. आंधळे आहात का. मी ते आईला सांगितलं. आईनं उठून माझं ताट वाढलं. ‘‘तू त्यांना टोचलंस,’’ ती म्हणाली, ‘‘पण तुला माहीत नव्हतं. त्यांनी तुझं नाव पुढे केलं, ते माहीत असून. माझी ही बेरीज. आता जेव.’’

राग गेला नाही. वाईट वाटतंय म्हणून राग जातो हे मला कधी पटलेलं नाही. दोन्ही एका पोटात आरामात राहतात. अण्णा घरी आले, जेवले, माझ्याकडे न बघता झोपायला गेले. सकाळी एकही हॉर्न वाजला नाही.

ते स्कूटर काढत होते तेव्हा मी मागे जाऊन बसले. दुकानात पोचल्यावर म्हटलं, ‘‘रंग मी सांगते. जोडणी तुम्ही सांगा.’’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं की आईनं शपथ मोडली आहे. ‘‘पण रेवण्णांना खरं सांगायचं,’’ मी म्हटलं.

‘‘दुकान बसेल,’’ ते म्हणाले. ‘‘वायरमनला रंग दिसत नाही म्हटल्यावर कोण येईल?’’

‘‘मग मी घरी जाते.’’

ते ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून बसले. ‘‘आधी काम तर कर,’’ म्हणाले.

मी ट्रॅक्टरखाली शिरले. आयुष्यात पहिल्यांदा कोपरापर्यंत ग्रीस लागलं. अण्णा बाहेर डोळे मिटून बसले होते आणि ट्रॅक्टरची नस न् नस तोंडपाठ म्हणत होते. ‘‘किल्लीपासून निघालीस, डाव्या अंगानं ये, फ्यूजच्या पेटीमागे वळ, तिथं माझ्या तीन गाठी लागतील.’’ हात घातला की तीन गाठी लागत. ‘‘तिला तपकिरी.’’ मी तपकिरी जोडत असे. ‘‘स्टीअरिंगच्या दांड्यामागून एक गाठ येते, तिला हिरवी.’’ सोल्डरिंगचं गरम टोक बोटाला लागून फोड आला, त्यावर त्यांनी कोपऱ्यावरच्या हॉटेलातून बर्फ आणला आणि म्हणाले, ‘‘स्वल्प धीर धर. झालंच.’’ चौदापैकी तेरा तारा जमल्या, चौदावी कशाची हे कागदालाच माहीत नव्हतं, म्हणून तिचं तोंड टेपनं बंद केलं. मग गिअर काढून, चाकांना दगड लावून, टेस्टरच्या दिव्यानं एकेक तपासली. मी वर बसले आणि हॉर्नचं बटण दाबलं. हॉर्न वाजला आणि ट्रॅक्टर जागचा हलला नाही. उतारावर मुनियम्मानं मात्र इस्त्री टाकून आधीच पळ काढला होता.

दुपारी रेवण्णा आले. किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं. चारही दिवे लागले, काही वितळलं नाही. ते खूश होऊन अण्णांच्या पाठीवर थाप मारत म्हणाले, ‘‘बघा! स्वतः केलंत म्हणून झालं. कालच मी म्हटलं, हा रावांचा हात नाही.’’

गल्लीतली चारपाच माणसं उभी होती. मी हात पुसत होते आणि वर बघत नव्हते. अण्णा गप्प राहिले असते तर कुणालाच काही कळलं नसतं. ते गप्प राहतील अशी माझी खात्रीच झाली होती.

‘‘काल मी जोडलं होतं,’’ अण्णा म्हणाले. ‘‘आज हिनं जोडलंय.’’

रेवण्णांना कळेना. मग अण्णांनी त्यांना कन्नडमध्ये, सावकाश, सगळं सांगितलं. ठिपक्यांचं पुस्तकसुद्धा. ‘‘मुलीनं काल कशालाच हात लावला नव्हता,’’ ते म्हणाले. ‘‘मी खोटं बोललो.’’

रेवण्णांनी इंजिन बंद केलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते खालच्या आवाजात बोलले. ‘‘म्हणजे वीस वर्षं तुम्ही माझा ट्रॅक्टर अंदाजानं करत होता?’’

‘‘गाठींनी.’’

रेवण्णा मिशीवर हात फिरवत राहिले. त्यांनी मला वाकून तारा दाखवायला लावल्या, प्रत्येक सांधा ओढून पाहिला. शेवटी म्हणाले, ‘‘पुढच्या वेळी दोघं मिळून करा,’’ आणि टाकी घेऊन निघून गेले. मुनियम्मा तोवर परत आली होती. तिनं गाडीवरचा एक ब्लाउज अण्णांपुढे धरून विचारलं, ‘‘हा कुठला रंग?’’ अण्णा म्हणाले, ‘‘मातीचा.’’ ती खो खो हसली. मग तासभर साऱ्या गल्लीला चाळा लागला. कुणी मिरच्या आणल्या, कुणी टोमॅटो, कुणी केळी. अण्णा निमूटपणे चुकत राहिले. सगळेच मात्र हसले नाहीत. शाळेच्या व्हॅनवाल्यानं त्याच आठवड्यात आपल्या दोन्ही गाड्या दुसरीकडे नेल्या, आणि त्याचं मला आजही नवल वाटत नाही. ते वकिलांचे सात शर्ट आईनं आणि मी दोनदा धुऊन दिले. डाग गेले नाहीत.

संध्याकाळी घरी निघालो. माझ्या अंगाला डिझेलचा वास, बोटाला पट्टी. मोठ्या चौकात सिग्नलला थांबलो. बस, रिक्षा, भोवती सगळा धूर. अण्णा मागे न वळता म्हणाले, ‘‘काल तुझं नाव घेतलं. हलकटपणा केला मी.’’

मला म्हणायचं होतं की मीही तुम्हाला आंधळे म्हणाले. पण मी नुसता त्यांचा शर्ट मुठीत धरला. सिग्नल बदलला. मागची सगळी वाहनं एकदम ओरडू लागली आणि अण्णा तसेच पाय टेकून बसलेले.

‘‘अण्णा, हिरवा झाला,’’ मी म्हटलं.

‘‘ठाऊक आहे,’’ ते म्हणाले. ‘‘तू सांगतेस का बघत होतो.’’